गालिच्यावर प्रेत, कपात चहा

लोअर हॅझलकोट
१४ जानेवारी

लेटिस,

'प्रिय' लिहीत नाही, राग मानू नकोस. सहा वर्षांनी पत्र पाठवतेस आणि त्यात मागतेस काय, तर 'टीव्हीवरच्या छान, घरगुती, रक्त न दाखवणाऱ्या इंग्लिश खुनाच्या मालिका सुचव.' मी पाकीट उलटं करून झटकलं. म्हटलं, आणखी एखादा कागद आत राहिला असेल. नव्हता.

बर्फावरून घसरलीस, खुबा मोडला, आठ आठवडे पलंगावर आहेस, हे वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं. पण कॅनडात लोळत पडून तुला 'आपल्याकडची गावं बघावीशी वाटतात' हे वाचलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं. अगं, गाव बघायचं तर विमानं सुटतात. ऑब्रीला पुरलं तेव्हाही सुटत होती. सख्खा थोरला भाऊ होता तो, माझा तसा तुझाही.

असो. विचारलंच आहेस तर सांगते. या मालिका माझ्याइतक्या या गावात कुणी पाहिल्या नसतील, आणि माझ्याइतकी शिसारीही कुणाला आली नसेल.

सुरुवात 'मिस लार्कम'पासून कर. सगळे तिथूनच करतात. वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका, सायकल, टोपीत तितराचं पीस. गाव इतकं चकचकीत की गाईसुद्धा शेण टाकायच्या आधी परवानगी घेत असाव्यात. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी मरतं. कुठे, तर वाचनालयातल्या गालिच्यावर, हातपाय नीट जुळवून, केससुद्धा न विस्कटता. मग सगळे काय करतात? चहाचं आधण ठेवतात. अकरा वर्षं दर आठवड्याला एक माणूस मरतोय आणि घरांच्या किमती काही उतरत नाहीत.

आणि प्रेताला वास येत नाही, लेटिस. एकाही मालिकेत नाही. मी काही नर्स नव्हते, जन्मभर शाळेतल्या पोरांना उकडलेले बटाटे वाढले, पण एवढं मलासुद्धा कळतं.

दुसरी 'इन्स्पेक्टर गॉडबोल्ड'. हा जाडा गृहस्थ केक खाल्ल्याशिवाय विचारच करू शकत नाही. एका भागात एक बाई शेजारणीला विष घालते, कारण काय, तर तिने स्कोनवर आधी साय लावली आणि मग जॅम. तुला आवडेल. गोडाचं तुला पहिल्यापासून वेड.

'पाद्री विंपल' मात्र बघू नकोस. तो माणूस प्रार्थना चालू असताना बाकाखालचे पुरावे चाचपतो.

आणि हो, मिस लार्कमच्या तिसऱ्या वर्षातला पाचवा भाग सोडून दे. दुधाच्या बाटल्यांचा आहे. त्यात काही दम नाही.

पाय जपून टाक.

तुझी (निदान कागदोपत्री) बहीण,
थर्झा


लोअर हॅझलकोट
९ फेब्रुवारी

लेटिस,

म्हणजे नको सांगितलं तेच नेमकं पाहिलंस. लहानपणी 'त्या डब्याला हात लावू नकोस' म्हटलं की तू आधी तोच डबा उघडायचीस. पाचवा भाग तुला सगळ्यात आवडला म्हणे. सगळ्यांनाच आवडतो. दारात दुधाच्या दोन बाटल्या तशाच राहिलेल्या दिसतात, मिस लार्कम सायकल रस्त्यातच टाकते आणि दारावर मुठी आपटते. वा. पुढे पोलीस येतात, म्हातारा वाचतो, शेवटी चहा. 'हा का सोडायचा होता?' विचारतेस. मला आवडत नाही म्हणून. प्रत्येक गोष्टीला कारण लागतं का?

तू कशी सापडलीस तेही वाचलं. तुझ्या दारासमोरचं बर्फ सकाळी नऊपर्यंत काढलेलं दिसलं नाही, एवढ्यावरून शेजारची हॅलिना कोवालचुक आली. बेल दाबली, हाका मारल्या आणि सरळ स्वयंपाकघराची खिडकी फोडून आत उडी घेतली. वय किती बाईचं, तर अडुसष्ट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, 'काय हा आगाऊपणा.' खोलीत कुणी नव्हतं, तरी म्हणाले. नंतर मला माझीच लाज वाटली, म्हणून लिहून टाकते.

आपल्याकडे खिडकी फोडत नाहीत. तुला माहीत आहे, तूही इथलीच. पडदे ओढलेले असले तर माणसाला एकांत हवा असेल. कुणी रुसलं असेल तर त्याला रुसू द्यावं. कुणी दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं म्हणू नये, त्याला वाटायचं आपण पाळत ठेवतो. याला आपण सभ्यपणा म्हणतो. मालिकांमध्ये मात्र प्रत्येक म्हातारी जाळीच्या पडद्याआड डोळा लावून बसलेली असते. कुठल्या गावात बसते अशी म्हातारी, मला दाखवा.

तू विचारलंस की ऑब्रीही या मालिका बघायचा का. बघायचा. दर रविवारी आठला माझ्याकडे यायचा, चीज आणि बिस्किटं खायचा, आणि दहाव्या मिनिटाला 'माळ्याने मारलं' म्हणून मोकळा व्हायचा. आणि मारलेलं असायचं माळ्यानेच. वीस वर्षं मी हे सोसलं. त्या नोव्हेंबरात म्हटलं, पुन्हा खुनी सांगितलास तर येऊ नकोस. त्याने सांगितला. मग आला नाही.

त्याच आठवड्यात चर्चच्या घंटाघरातही बिनसलं होतं. चाळीस वर्षं सहा घंटांतली सहावी वाजवली त्याने, सगळ्यात जड, सगळ्यात शेवटची. रॉडनी टपर घंटाघराचा मुख्य. तो चारचौघांत म्हणाला, 'ऑब्री, तुझा ठोका उशिरा पडतोय.' ऑब्रीने दोर बांधून ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. म्हणजे तो दोन्हीकडे रुसलेला होता. हे सगळं तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

बाकीचं तुला माहीत आहे. मंगळवारी संध्याकाळी जिन्यावरून पडला, जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही. डॉक्टरच तसं म्हणाले. थडग्याच्या दगडावर बारा नोव्हेंबर कोरलंय, मी फोटो पाठवला होता.

आईच्या चहादाणीचं खोकं तू सहा वर्षं उघडलंच नाहीस, रागाने तळघरात ठेवलंस, हे वाचून बरं वाटलं नाही. आता हॅलिनाला वर आणायला सांगते आहेस तर जपून उघडा. चोच नाजूक आहे. मी ती चांगली घट्ट गुंडाळली होती.

थर्झा


लोअर हॅझलकोट
६ मार्च

लेटी,

पाकीट मिळालं. आत पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसता वर्तमानपत्राचा एक तुकडा. चहादाणी मी ज्यात गुंडाळली होती त्यातला. वर तारीख, गुरुवार, चौदा नोव्हेंबर. खाली शब्दकोडं. त्यात तीन शब्द पेन्सिलीने भरलेले, अक्षर वेडंवाकडं, पण त्याचंच. त्याचा तो उलटा 'आर' दुसऱ्या कुणाचा असणार?

मंगळवारी जागच्या जागी गेलेला माणूस गुरुवारचं कोडं सोडवत नाही. एवढं कळायला मिस लार्कम लागत नाही.

मी त्याच्या घरातूनच पेपर उचलले, गुंडाळले, चिकटपट्टी लावली आणि तुझा पत्ता घातला. पाहिलंच नाही. शब्दकोडं उलट्या बाजूला होतं. आता उठून दोनदा हात धुऊन आले आणि पुन्हा लिहायला बसले. तुला सगळं सांगते. मधेच थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

मंगळवारी तो पडला, हे खरं आहे. खुबा मोडला. तुझा मोडला तसाच. जिन्याच्या पायथ्याशी पडला, तिथून दरवाजाच्या पायपुसण्यापर्यंत हात-दीड हात सरपटला असेल. पेपरवाला पहाटे गाडी चालू ठेवून पेपर दाराच्या फटीतून सरकवतो, तो त्याच्या डोक्याशीच पडत होता. ओरडला असेल तर कुणाला ऐकू गेलं नाही. मला वाटतं, ओरडला नसावा. बाबा म्हणायचे ना, घरात आवाज चढवतात ते दारुडे.

त्याने काठीने भिंत ठोकली.

हे मला कुणी सांगितलं ठाऊक आहे? प्रुडन्स गॅदरकोलने, भिंतीपलीकडच्या. पुरून आल्यावर सगळे माझ्याकडे चहाला आले होते. काकडीचं सँडविच हातात धरून ती मला म्हणाली, उपकार सांगितल्यासारखी, "मी एक शब्द बोलले नाही हं, थर्झा. दोन दिवस भिंतीवर ठकठक चालली होती. सहा ठोके, मग थांबायचं, मग पुन्हा सहा. म्हटलं, घंटाघरातून रुसून आलाय, घरीच सराव करतोय बिचारा. माणसाला स्वतःच्या घरात तेवढी मोकळीक हवी."

सहा ठोके, लेटी. तो आम्हाला हाक मारत होता, आणि त्याला येत होती तीच भाषा बोलत होता. आणि भिंतीपलीकडे त्याचे ठोके मोजत बसलेली बाई स्वतःच्या समजूतदारपणावर खूश होती.

मी तिला काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "आणखी एक घेणार का?"

या वाक्याची मला किती किळस येते, सांगता येत नाही. तिची येते, रॉडनीची येते. बुधवारच्या सरावाला ऑब्री आला नाही तेव्हा तो म्हणाला, 'राहू दे, राग शांत होईल.' साऱ्या गावाची येते. रविवारी पाचच घंटा वाजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि जिथे त्याचा जड ठोका पडायचा तिथे नुसती हवा. प्रत्येकाला ऐकू आलं. बाकावर बसल्याबसल्या लोकांनी माना वर केल्या आणि पुन्हा प्रार्थनेच्या पुस्तकात घातल्या. मीही घातली. येताना त्याच्या दारात दोन बाटल्या पाहिल्या. म्हटलं, बसा रुसून.

त्या रात्री आठला टीव्ही लावला. मनात म्हटलं, आज बरं, खुनी सांगायला कुणी नाही. पाचवा भाग होता. पडद्यावर दोन बाटल्या आल्या आणि माझ्या हातातला कप थांबला. नऊ वाजले होते. नऊनंतर कुणाचं दार वाजवायचं नाही, ही आईची शिकवण. सोमवारी दहाला गेले, कारण दहाच्या आधीही वाजवायचं नसतं. चाळीस पावलांवर घर. दार उघडलं तेव्हा वास आला.

आता शुक्रवारचं. तू विसरली नाहीस, मला ठाऊक आहे. चार वाजता तुझा फोन आला. म्हणालीस, "ऑब्री दोन दिवस फोन उचलत नाही, जाऊन बघ ना गं." मी ख्रिसमसच्या केकला ब्रँडी पाजत होते. म्हणाले, "तो रुसलाय. चार हजार मैलांवरून उंटावरून शेळ्या हाकू नकोस." आणि फोन ठेवला.

डॉक्टर म्हणाले, शनिवारी पहाटे गेला असावा. थंडीने आणि तहानेने. शुक्रवारी चार वाजता तो जिवंत होता.

तू इतक्या लांबून ओळखलंस. एका गावाला ओळखता आलं नाही ते. आणि मी ते तुझ्यापासून लपवलं. सरकारी कागदावर 'सोमवारी सापडला' एवढंच होतं, बाकीचं माझ्या हातात होतं. दगडावर मंगळवार मी कोरून घेतला. मंगळवार म्हटलं की तुझा शुक्रवारचा फोन उशिराचा ठरतो, आणि मी सुटते. तुला फोनवर म्हणाले, 'तो केव्हाच गेला होता, तमाशा करू नकोस.' तू गप्प बसलीस ती सहा वर्षं. मला वाटलं, तुझ्या गप्प बसण्यात माझी सुटका आहे. कसली सुटका? सहा वर्षं दर रविवारी खोट्या तारखेसमोर फुलं ठेवतेय.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. तुला कळावं, एवढंच.

थर्झा


लोअर हॅझलकोट
२ मे

लेटी,

उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही धरली नव्हती. तरी लिहिते, कारण काही गोष्टी तुला कळायला हव्यात आणि गावात माझ्याशी बोलणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही.

दगड बदलला. पाथरवट म्हणाला, आधीचा आकडा तासावा लागेल, दगडाला खळगा पडेल. म्हटलं, पडू दे. आता सोळा नोव्हेंबर आहे, शनिवार. हात फिरवला की खळगा लागतो.

पाद्रीबुवांनी विचारलं, तारीख का बदलता. म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोरच सांगते. प्रार्थना झाल्यावर उभी राहिले आणि सांगितलं. भिंत, सहा ठोके, बाटल्या, तुझा फोन. कुणाचंही नाव घेतलं नाही, फक्त माझं घेतलं. लोक आपापल्या बुटांकडे बघत राहिले. रॉडनी टपर उठून बाहेर गेला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चहा ठेवायचा का?" आणि लगेच सगळ्यांच्या जिवात जीव आला.

आता मी सकाळी नऊला निघते. जिथे माणूस एकटं राहतं त्या प्रत्येक दारावर थाप मारते. अकरा दारं आहेत. उघडेपर्यंत हलत नाही. लोक मला आता 'मिस लार्कम' म्हणतात, आणि प्रेमाने म्हणत नाहीत. माझ्या दारात कुणीतरी तितराचं पीस ठेवून गेलं. प्रुडन्स साखळी न काढताच फटीतून म्हणते, "मी ठीक आहे, थर्झा. कालही ठीक होते." मी म्हणते, उद्या पुन्हा विचारीन. ती दार आपटते. आपटू दे. आपटायला माणूस जिवंत लागतं.

मालिका मी बघत नाही. पण तू पाय बरा होईपर्यंत बघत असशील तर 'गॉडबोल्ड'चं चौथं वर्ष त्यातल्या त्यात बरं आहे. कुत्रा चांगला आहे.

आता जे सांगायचंय ते. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी चारला माझा फोन वाजला. मी 'हॅलो' म्हणाले. पलीकडे कुणी बोललं नाही. लांबच्या फोनवर ऐकू येते तशी नुसती खरखर. मग कट. मी म्हटलं, चुकून लागला असेल. पुढच्या शुक्रवारी चारलाच. त्याच्या पुढच्याही. मला कळायला तीन शुक्रवार लागले. मी काही मिस लार्कम नाही.

चौथ्या शुक्रवारी मी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. धावत आले, पायरीला ठेचकाळले, बाराव्या घंटेला उचलला. धाप लागली होती, 'हॅलो'सुद्धा नीट निघेना. तू ठेवला नाहीस. तुझा श्वास मला ऐकू येत होता, माझ्यापेक्षा जोरात चाललेला. मागून एक बाई कुठल्यातरी वेगळ्याच हेलात विचारत होती, "उचलला का?" हॅलिना असेल. मग तू ठेवलास.

कालही आला.

बोलू नकोस, लेटी. बोलावंसं वाटेपर्यंत बोलू नकोस, आणि कधीच वाटलं नाही तरी चालेल. मी फोन मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात आणून घेतलाय, पलंगापर्यंत पोचेल एवढी लांब वायर लावून. येत्या शुक्रवारी पावणेचारपासून त्याच्याशेजारी बसून असेन. पहिल्या घंटेला उचलेन.

तुझी,
थर्झा